हत्तीच्या विहिरीचा संदर्भ

चहाचं आधण उकळत होतं आणि मी कॉम्प्युटरसमोर उभ्या उभ्याच वाकून बघत होतो. बसलं की दिवस सुरू झाला असं कबूल करावं लागतं, म्हणून हल्ली मी साडेआठपर्यंत बसतच नाही. तर वाकून बघतो तो कुसा नाहीशी झालेली. काल दुपारी मी इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात, आमच्या सावरपाडळी गावाच्या पानावर, एक ओळ लिहिली होती: 'गावातील विहीर १९७३च्या दुष्काळात कुसाबाई पुंजा व इतर दहा स्त्रियांनी खणली, काम चालू असताना कुसाबाई मरण पावल्या.' एवढीच. ती लिहायला मला अडीच तास लागले होते आणि लिहून झाल्यावर मी उगाचच गॅलरीत जाऊन आलो होतो, कोणी बघितलं तर नाही ना अशा थाटात. आता ती ओळ नव्हती. बाकावरचा मधला माणूस उठून गेला की कडेचे दोघं सरकून बसतात, तशी वरची आणि खालची वाक्यं एकमेकांना चिकटून बसली होती. त्या ज्ञानकोशात प्रत्येक पानाला 'इतिहास' म्हणून एक भाग असतो. कोणी कधी काय लिहिलं, काय पुसलं, सगळं तिथं राहतं. तिथं लिहिलं होतं: 'प्रतिभा यांनी मागील संपादन उलटवले. कारण: संदर्भ नाही.' आणि पानावर, जिथे कुसा काल संध्याकाळपर्यंत होती तिच्या वरच्याच ओळीत, हत्ती ठणठणीत उभा होता. 'या विहिरीस हत्तीची विहीर म्हणतात. पेशवाईत एका सरदाराचा तहानलेला हत्ती येथे पाय आपटत राहिला व पाणी लागले.' पुढे संदर्भाचा छोटासा निळा आकडा. हत्तीला कोणी हात लावला नव्हता. लावणार कसा, त्याच्याकडे कागद होता. तोवर चहा उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅसचा वास स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझी चौकशी करत होता.

हत्ती माझा आहे. पाळलेला नाही, रचलेला. मी चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यातली बरीचशी नाशिक-सिन्नर रस्त्यावर, आणि तिकिटं फाडून झाली की पुढच्या बाकाजवळ उभा राहून मी लोकांना गोष्टी सांगायचो. मोहदरी घाटात एकदा बसच्या टपावर बिबट्या चढला, तो सिन्नरला उतरला, आणि मी त्याला अर्धं तिकीट दिलं कारण तो बसला नव्हता, झोपला होता. माणसं हसायची, पण उतरताना टपाकडे एक नजर टाकायचीच. ती नजर म्हणजे माझी खरी कमाई. शहाऐंशी साली एक वर्तमानपत्रवाले गृहस्थ रोज माझ्या गाडीला असायचे. ते म्हणाले, कंडक्टरसाहेब, तुमच्या गावाचं काही लिहून द्या, रविवारच्या पुरवणीत गावांचा इतिहास छापतोय. मी ड्यूटी संपल्यावर डेपोच्या विश्रांतिगृहात बसून हत्ती लिहिला. खाली नाव टाकलं 'एक वाटसरू'. छापून आला. गावात कोणीतरी तो अंक नेला, तिसऱ्या महिन्यात ग्रामपंचायतीने पाटी लावली, पुढच्या वर्षी सिमेंटचा हत्ती बसवला, सोंड जरा आखूड झाली पण बसवला. तोवर त्या विहिरीला सगळं गाव 'कुसाची हीर' म्हणायचं. कुसा माझी मोठी बहीण. कोणी ठरवून नाव बदललं नाही. पोरं हत्ती बघायला जायची, हत्तीजवळ भेटू म्हणायची, आणि पाच-सहा वर्षांत कुसा तोंडातोंडांतून गळून गेली, जशी बसच्या पाटीवरून मधल्या थांब्यांची नावं पुसली जातात. आई-बाप त्याआधीच गेले होते. माझ्या बायकोला मी कुसाबद्दल सांगितलं होतं, थोडं. ती सहा वर्षांपूर्वी गेली. तिचा जीव जाताना मला जे दुःख झालं ते झालंच, पण महिन्याभराने एका दुपारी वरणाला फोडणी देताना माझ्या ध्यानात आलं की कुसा हे नाव ऐकून मान वर करणारं माणूस आता जगात माझ्याशिवाय उरलेलं नाही. फोडणी जळली. बायको असती तर म्हणाली असती, काहीतरीच तुमचं. ती गेल्यापासून मला काहीतरीच म्हणायला घरात कोणी नाही, आणि काहीतरीच म्हणणारं कोणी नसलं की खरंखोटं सगळं एकाच चवीचं लागतं.

मुलगी हर्षाली पिंपळगावला असते, तिच्या नवऱ्याचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. जुना कॉम्प्युटर तिनेच आणून दिला. रविवारी फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते, आणि मी बिबट्याचं काही सांगायला लागलो की म्हणते, पप्पा, टेम्पो भरतोय, नंतर. मग गेल्या हिवाळ्यात वाचनालयात ज्ञानकोशात लिहायला शिकवायचा वर्ग निघाला तेव्हा मी गेलो. चहा होता आणि माणसं होती. शिकवायला प्रतिभाताई, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, पन्नाशीच्या. चष्मा कपाळावर सरकवून बोलायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इथे आपण आपल्याला माहीत असलेलं लिहीत नाही. छापून आलेलं लिहितो." मी हात वर केला. "आणि छापून आलेलंच खोटं असलं तर?" "तर ते खोटं आहे असं दुसरीकडे कुठेतरी छापून यावं लागतं, काका." "आणि मला स्वतःला माहीत असेल तर?" "तर ते तुमच्याजवळच ठेवा," त्या म्हणाल्या, आणि वर्ग हसला, मीही हसलो. मग त्यांनी नियम सांगितले. तटस्थ लिहायचं. विशेषणं नकोत, 'निसर्गरम्य' तर मुळीच नको, कारण महाराष्ट्रातली सगळीच गावं निसर्गरम्य असल्याचं लोकांनी लिहून ठेवलंय. स्वतःचं संशोधन नको. स्वतःविषयी, नातलगांविषयी नको. आणि समोरच्याने काही पुसलं तर त्याचा हेतू चांगलाच आहे असं गृहीत धरायचं. हे शेवटचं ऐकून मला गंमत वाटली. सत्तर वर्षांत माझा हेतू चांगला आहे असं कोणी गृहीत धरलेलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. घरी येऊन मी लगेच परीक्षा घेतली. सावरपाडळीच्या पानावर लिहिलं की इथली बोरं इतकी गोड की गावातल्या मुंग्यांना मधुमेह होतो. चार मिनिटांत पुसलं गेलं आणि माझ्या नावाच्या पानावर निरोप आला: 'सरावासाठी कृपया धूळपाटी वापरावी. आपला हेतू चांगला आहे असे गृहीत धरले आहे.' धूळपाटी म्हणजे तिथलं एक मोकळं पान, गिरवा आणि पुसा. मी तो निरोप तीन-चार वेळा वाचला. चार मिनिटांत. म्हणजे मी लिहिलेलं कोणीतरी चार मिनिटांत वाचलं होतं. मग मी रोज लिहायला लागलो. धूळपाटीवर विशेषणाविना एक खरं वाक्य लिहायचं, असा सराव. 'सावळीराम पंचवटीत हिरावाडीत राहतो.' लिहून बघत बसलो. त्यात घालण्यासारखं काही सापडेना आणि काढण्यासारखंही नव्हतं. ते पुसायलाही कोणी आलं नाही.

अशा सरावातूनच मला कुसाची ओळ लिहायचं धाडस झालं होतं. नातलगांविषयी लिहू नये हा नियम मी सोयीने विसरलो, तेवढी लबाडी मला माफ असावी. ती पुसली गेली त्या सकाळी मी शेगडी पुसली, पुन्हा चहा टाकला आणि पानामागच्या चर्चेच्या पानावर प्रतिभाताईंना लिहिलं: 'बाई, ही ओळ खरी आहे. हत्ती खोटा आहे.' दुपारी उत्तर आलं: 'काका, हत्तीला वर्तमानपत्राचा संदर्भ आहे. तुमच्या ओळीला काहीतरी द्या, मी स्वतः परत घालीन.' मी विचारलं, काहीतरी म्हणजे काय. सरकारी नोंद, पुस्तक, बातमी, त्यांनी लिहिलं. आणि मग, बहुधा माझी कीव येऊन, खाली अजून एक ओळ, 'त्या वेळची एखादी लेखी नोंद असेल तर निदान बघू तरी.' मी कॉम्प्युटर बंद केला. लेखी नोंद एक होती. रामकुंडावर. आपल्याकडे माणूस गेलं की नाशकाला दशक्रियेला यायचं, आणि ज्याच्या त्याच्या गावाचे उपाध्ये ठरलेले, त्यांच्या नामावळीत घरातल्यांनी मेलेल्याचं नाव स्वतःच्या हाताने लिहायचं. त्र्याहत्तरच्या चैत्रात आम्ही आलो होतो. बापाला लिहिता येत नव्हतं.

आमच्या गावाचे उपाध्ये आता देवव्रत गुरुजी. वडील गेल्यावर त्यांनी नामावळ्या लाकडी पेटीतून काढून लोखंडी कपाटात ठेवल्यात, वाळवीची गोळी टाकून. कपाट उघडलं की जुन्या कागदाचा आणि डांबराच्या गोळीचा एकत्र वास येतो. शाळेच्या स्वेटरचा वास. त्यांनी लाल फडकं सोडून लांबट वही मांडीवर घेतली. "गाव?" "सावरपाडळी." "कोण हवंय तात्या? पणजोबा?" "बहीण. विहिरीत गेली. शके अठराशे पंच्याण्णव." पानं उलटताना ते मोबाइलवर कोणाला तरी पिंडाचं साहित्य सांगत होते, तीळ आपण आणा, दर्भ मी देतो. मग बोट थांबलं. "ही घ्या. पुंजा यांची कन्या कुसाबाई, वय चोवीस. तापाने मयत." त्यांनी वर बघितलं. "तुम्ही तर विहिरीत गेली म्हणत होता." "हो." "इथं ताप आहे." "हो." "अक्षर सुरेख आहे. मोत्यासारखं." "बोर्डिंगात असताना रोज दोन पानं शुद्धलेखन असायचं," मी म्हणालो. गुरुजींनी खालची सही वाचली, सावळीराम पुंजा, आणि वही हळूच माझ्याकडे सरकवली, जशी चुकून दुसऱ्याच्या ताटात वाढलेली पोळी सरकवतात. मला तो घाट आठवला, ओल्या पायऱ्यांवरचं ऊन, बाप शेजारी बसलेला, ताज्या मुंडणाचं त्याचं डोकं, आणि त्याचा आवाज: ताप लिही. विहिरीसाठी सुरुंगाच्या कांड्या कोणीतरी रस्त्याच्या कामावरून गुपचूप उचलून आणल्या होत्या. खरं लिहिलं असतं तर अख्ख्या गावामागे चौकशी लागली असती. मी टाक दौतीत बुडवला आणि ताप लिहिला. 'त'चा काना बघा, ओळंब्यात आहे. "म्हणजे तात्या," देवव्रत गुरुजी फडकं बांधत म्हणाले, "संदर्भ सापडला, पण तो तुमच्याच विरुद्ध." मी हसलो, कारण अशा जागी हसतात. घाटावरून येताना उगाचच नारळ घेतला आणि पुलावर आल्यावर कळेना की तो कोणाला द्यायचा. संध्याकाळी मी प्रतिभाताईंना कळवलं की हाताने लिहिलेली एक नोंद आहे, पण तीत वेगळं आहे. त्यांनी लिहिलं, छापील नसलेली हस्तलिखित नोंद तशीही चालत नाही, काका. बरं झालं म्हणायचं.

एकच वाट उरली होती. चौकशी केली तेव्हा कळलं, अकराजणींपैकी एक जिवंत होती, भागाआक्का, माझ्याहून आठेक वर्षांनी मोठी, आता सिन्नरला लेकाकडे असते. तिने सांगितलं आणि कोणा वार्ताहराने ते छापलं, तर चालेल, असं प्रतिभाताई म्हणाल्या होत्या. मी सकाळच्या गाडीने निघालो. कंडक्टर पोरगी होती, मशीनमधून तिकीट काढून पुढे गेली, कोणाशी एक शब्द नाही, कानात गाणी. घाटात मी खिडकीतून टपाकडे बघितलं. भागाआक्का ओट्यावर सुपात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. सुनेने आतून सांगितलं, त्यांचं डोकं कधी कधी चालतं, कधी चालत नाय, बसा. "भागाआक्का, मी सावळीराम. पुंजाचा." ती बघत राहिली. "कंडक्टर?" "हां." "मंग बस कुठं लावली?" "रिटायर झालो." "आस्सं." आणि बसची काळजी मिटल्यासारखी परत शेंगांकडे वळली. मी विचारलं, "आपली विहीर कोणी खणली, आठवतं का?" तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की माझी चौतीस वर्षांची नोकरी फुकट गेली. "हत्तीनं. येवढा घोडा झाला, आईबापानं सांगितलं नाय तुला?" आणि मग तिने मला माझी गोष्ट सांगितली. मी लिहिलेल्या हत्तीला घंटा नव्हती. तिच्या हत्तीला होती, आणि ती तीन कोसांवर ऐकू जायची. मी लिहिलेला हत्ती तहानलेला होता. तिचा नुसता तहानलेला नव्हता, तो रडत होता, आणि पहिलं पाणी त्याच्या डोळ्यातलंच पडलं. चांगली गोष्ट होती. माझ्यापेक्षा चांगली. मी ऐकत होतो आणि तिच्या उजव्या अंगठ्याकडे बघत होतो. त्याला नख नव्हतं, शेंडा चेपलेला, बोथट. घणाखाली सापडला होता तो, कातळाला भोक पाडताना, पहार तिने धरली होती आणि घण कुसाने मारला होता, असं आई सांगायची. "आक्का, ह्या अंगठ्याला काय झालं?" तिने अंगठा डोळ्यांजवळ धरून बघितला. "जलमापासून हाय," म्हणाली.

येताना गाडीत मला बसायला जागा मिळाली पण मी उभाच राहिलो, पुढच्या दांड्याला धरून, जिथे मी उभा असायचो तिथे. हत्तीने नाव खाल्लं होतं ते मला माहीत होतं. तो अंगठाही खाईल असं वाटलं नव्हतं. घरी आल्यावर मी धूळपाटी वगैरे काही केली नाही, सरळ पानावर गेलो आणि हत्ती पुसला. दोन वाक्यं आणि निळा आकडा. काय बदललं त्याचा सारांश लिहायला एक चौकट असते, त्यात लिहिलं: 'हे खोटे आहे. मीच लिहिले होते.' हत्ती गेल्यावर पान कसं दिसतं ते बघितलं. 'गावात एक विहीर आहे.' बस. त्या वाक्याकडे बघून मला प्रथमच, कित्येक दिवसांनी, खुर्चीत नीट बसावंसं वाटलं. मी बसलो. अर्ध्या तासाने हत्ती परत आला होता. 'संदर्भ असलेला मजकूर विनाकारण काढला,' असं लिहिलं होतं. मी पुन्हा पुसला, तो पुन्हा आला. तिसऱ्यांदा पुसायच्या आत फोन वाजला, रविवार नसताना, म्हणून मी दचकलो. प्रतिभाताई होत्या.

"काका, तिसऱ्यांदा पुसलंत तर मला तुमचं खातं बंद करावं लागेल. मला ते करायचं नाहीये."

"बाई, तो लेख माझा आहे."

"खाली 'एक वाटसरू' आहे."

"तो वाटसरू मीच."

"याला संदर्भ काय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडून हसू आवरल्यासारखा आवाज आला, आणि त्यात वाईटपणा नव्हता.

"तुम्ही खोटं बोललात हे मला पटतंय हो. पण माझं पटणं म्हणजे संदर्भ नाही. त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत काही?"

"ते बंद पडून वीस वर्षं झाली."

"मग असं करते. 'स्थानिक आख्यायिकेनुसार' असा शब्द घालते आधी. म्हणजे हत्तीने खणली असं ज्ञानकोश म्हणत नाही, लोक म्हणतात असं म्हणतो. चालेल?"

"मग कुसालाही आख्यायिकेत घाला. हत्तीशेजारी. माझी काही हरकत नाही."

"घातली असती, काका. पण आख्यायिका म्हणजे लोक जे सांगतात ते. कुणी सांगतं का तिच्याबद्दल?"

खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर कोणीतरी कुरडया वाळत घालत होतं, पांढऱ्या प्लॅस्टिकवर एकेक, अंतर मोजून. मला वाटलं, आता इथे एखादी थाप मारता येईल. हो, सांगतात ना. जत्रेत बाया गाणी म्हणतात तिची. बाईंनी तेही मान्य केलं नसतं, पण फोन जरा लांबला असता.

"नाही," मी म्हणालो. "कुणी नाही सांगत."

"मग कठीण आहे," त्या म्हणाल्या, आणि मग, "जेवलात का?" जेवलो, मी म्हणालो. ती थाप होती.

पुढच्या बुधवारी मी पुन्हा सिन्नरला गेलो. भागाआक्का त्याच ओट्यावर, तेच सूप. मी ओळख दिली, तिने बस कुठं लावली विचारलं. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, आक्का, आज मी गोष्ट सांगतो. "हत्तीची?" "विहिरीची." "तीच ती," ती म्हणाली, आणि मांडी बदलून ऐकायला सरसावली. खरं सांगायला मला कधीच जमलेलं नाही. जिभेला सवय नाही, ती घाटातल्या वळणासारखी आपोआप वळते. अकराच्या एकवीस करायला ती शिवशिवत होती. मी दातांत धरून ठेवली. सांगितलं की त्या साली गावात चूळ भरायला पाणी नव्हतं, बाप्ये सगळे नाशकाला आणि मुंबईला काम शोधायला गेलेले. पुंजाची लेक सासरहून कायमची परत आली होती. तिने राखेने जमिनीवर गोल काढला आणि खणायला लागली. पहिल्या दिवशी ती एकटी, आठव्या दिवशी अकराजणी.

"आन् सासू-सासरे काय म्हनले त्या बायांचे?"

"शिव्या दिल्या."

"देनारच," भागाआक्का समाधानाने म्हणाली.

"त्यांत एक भागाबाई होती. कातळाला पहार धरली असताना घणाचा फटका तिच्या अंगठ्यावर बसला, नख गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर."

"खोटं. येक दिस तरी घरी बसली आसंल."

"नाही बसली."

"लय खमकी व्हती मंग," ती म्हणाली, आणि सुपातली एक शेंग उचलून बोथट अंगठ्याने फोडली. मी पुढे सांगत गेलो. तीस हातांवर काळा कातळ लागला. सुरुंगाच्या कांड्यांचं एक खोकं आलं, त्यात एक छापील कागद होता, इंग्रजीत. गावात कोणाला इंग्रजी येत नव्हतं. कुसाचा धाकटा भाऊ नाशकाला बोर्डिंगात शिकत होता. तिने त्याला सांगावा धाडला, ऐतवारी ये, येवढा कागद वाचून दाव, सोमवारी सुरुंग लावायचाय. इथवर आलो तेव्हा उन्हाची तिरीप ओट्यावर माझ्या गुडघ्यापर्यंत चढली होती.

"काय लिव्हलं व्हतं कागदात?"

"वात पेटवूनही सुरुंग उडाला नाही, तर अर्धा तास विहिरीत उतरू नका."

"मंग?"

"उडाला नाही. ती थोडा वेळ थांबली, आणि का उडाला नाही बघायला उतरली. तेव्हा उडाला."

भागाआक्काचा हात सुपात थांबला. आत कुकरची शिट्टी झाली, सुनेने गॅस बारीक केला. "आन् भाऊ? आला नाय व्हय कागद वाचायला?"

"नाही आला."

"का?"

बापालाही मी या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. गाडी बंद पडली म्हणून सांगितलं होतं, शिंदे गावाजवळ, टायर कसा फुटला, ड्रायव्हर काय म्हणाला, तपशिलासकट. माझी ती पहिली गोष्ट. बापाने ऐकून मान हलवली होती, आणि त्यानंतर लोकांच्या माना हलवणं मला जमतच गेलं. आता ती बंद पडलेली गाडी तयार होती, टायरसकट, नुसती तोंडातून काढायची बाकी होती. ओट्यावर एक माशी माझ्या हातावर बसली, उठली, परत बसली.

"नाशकात सर्कस आली होती," मी म्हणालो. "ऐतवारी दुपारचा खेळ होता. हत्ती बघायला गेला."

हे वाक्य मी कधी कोणाला म्हटलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. म्हटल्यावर काही झालं नाही. सुपातल्या शेंगा तशाच राहिल्या, रस्त्यावरून एक टमटम गेली. मी भागाआक्काकडे बघितलं. तिचा चेहरा उजळला होता.

"हत्ती?" ती म्हणाली. "मंग हत्तीचीच सांग ना. ती बरी हाय. ही नको, लय वंगाळ हाय ही."

हत्ती तर माझ्या खिशातच होता. तिची घंटाही आता माझ्याकडे होती, तीन कोसांवर ऐकू जाणारी. ती हसली असती, सुनेने बाहेर येऊन चहा दिला असता, मी दोनच्या गाडीने परत गेलो असतो.

"नाही आक्का," मी म्हणालो, "हीच परत सांगतो."

ती कुरकुरली, पण उठली नाही. मी सूप माझ्याकडे ओढलं, चार शेंगा सोलल्या, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सावरपाडळीत पुंजाला एक लेक होती.

"नाव काय तिचं?" तिने विचारलं. मघाशी तिने हे विचारलं नव्हतं.

"कुसा."

"कुसा," भागाआक्का म्हणाली. "पुढं?"